नववीची चाळण

जून 2024 मधील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मंडळी बाहेर आली आणि नेमकी पावसाची सर आली, म्हणून सारेजण चर्चच्या पडवीत खोळंबले. जून महिन्यात आपल्याकडे मुलांना जो एकच प्रश्न विचारला जातो, तो आमच्या धाकट्यालाही विचारला गेला : "काय रे बाळा, कितवीत गेलास?" विचारणाऱ्या मावशी आमच्याच आळीतल्या, मनाने मायाळू. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "मावशी, आठवी झाली त्याची. यंदा शाळेत जाणार नाही, घरीच शिकणार आहे." मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून आम्हांला विचारले, "काय झालंय त्याला?"

त्याला काहीही झालेले नव्हते. तो त्याच दिवशी सायंकाळी धर्मग्रामाच्या मैदानावर दोन गोल मारून आला. परंतु मावशींचा तो प्रश्न आम्हांला पुढे वर्षभर निरनिराळ्या तोंडांतून ऐकावा लागला. नातलगांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका शिक्षिकेने विचारला. शाळाबाह्य मुलांची नोंद करायला दारी आलेल्या एका गुरुजींनीही तो विचारला आणि वहीत आमच्या मुलाच्या नावापुढे काय लिहावे, या विचारात ते बराच वेळ पेन्सिल चावत बसले. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच जाहीरपणे लिहावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. आमच्यातील एक बँकेत नोकरी करतो, दुसरी घर आणि वाडी सांभाळते. त्यामुळे जे लिहितो आहोत ते आईबाप या नात्याने.

मूल नववीसाठी तयार नसेल, तर त्याला नववीत घालू नये. एक वर्ष थांबावे आणि ते वर्ष आईबापांनी आपल्या अंगावर घ्यावे. आमचे म्हणणे एवढेच आहे. मात्र एवढे म्हटल्यानेही आपल्या समाजात किती जणांच्या भुवया उंचावतात, याचा अनुभव आम्ही पुरेपूर घेतला आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा मुलगा चौथीत होता. पाचवी जवळजवळ सबंध आणि सहावी अर्धीअधिक त्याने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर काढली. घरात भ्रमणध्वनी एक, शिकणारी मुले दोन, आणि त्याच भ्रमणध्वनीवर बापाची नोकरी. अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या या गोष्टी ज्या वयात मुलाच्या अंगवळणी पडायच्या, ते वय असे सरले. एप्रिल 2021 मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले. त्या वेळी दुसरे काय करता आले असते? त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. परंतु वरच्या वर्गात घातले म्हणजे खालचा अभ्यास झाला, असे जे पुढे सर्वांनी गृहीत धरले, त्याला आमचा आक्षेप आहे. सातवी आणि आठवी या मुलाने पाठांतराच्या आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या आधाराने ओढली. 2023-24 मध्ये राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. तीत तो काठावर उत्तीर्ण झाला. घरात पेढे आले.

त्याच मे महिन्यात आम्ही नववीची पुस्तके उसनी आणून त्याच्यापुढे ठेवली. गणिताची दोन पुस्तके. एकात संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे. दुसऱ्यात समांतर रेषा, त्रिकोण, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती. तीन-चतुर्थांश मोठे की दोन-तृतीयांश मोठे, हे ज्याला सांगता येत नव्हते, त्याच्यापुढे या बहुपदी! मग विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद त्याने मोठ्याने वाचला. प्रत्येक शब्द बिनचूक. वाचलेस त्याचा अर्थ काय, असे विचारल्यावर मान खाली. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरात आमची बोली, हेही त्या खाली गेलेल्या मानेचे एक कारण आहे. ते माध्यम आम्हीच हौसेने निवडले होते, तेव्हा त्याविषयी फार बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. मुंबईतील महापालिकेच्या एका रुग्णालयात त्याची तपासणीही करून घेतली. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र ज्या मुलांना मिळते आणि ज्यांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, त्यांच्यात तो बसत नव्हता. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले, "गणित पाचवीच्या पातळीवर आहे, वाचन सहावीच्या. बाकी मुलगा अगदी ठीक आहे."

पाचवीचे गणित आणि नववीचे पुस्तक यांत चार इयत्तांचे अंतर. ते भरून कोण काढणार, हे विचारायला आम्ही शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे तिथे ऐकले ते इतरत्रही ऐकायला मिळते, असे नंतर अनेक पालकांशी बोलताना आम्हांला कळले. सल्ला असा मिळाला : "नववीत बसू द्या. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर वर्षअखेर दाखला घ्या आणि दहावीला बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म असतोच."

हा सल्ला नीट समजून घेतला पाहिजे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावीची परीक्षा मंडळ घेते, तिचा निकाल जाहीर होतो आणि त्यावर शाळेची अब्रू ठरते. राहिली मधली नववी. तिला कायद्याचे कुंपण नाही आणि मंडळाचा पहाराही नाही. ती सर्वस्वी शाळेच्या हातात आहे. चाळण लावायची तर इथेच लावता येते आणि म्हणून ती इथेच लागते. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये शाळांच्या फाटकांवर फलक झळकतात : दहावीचा निकाल शंभर टक्के. त्या शंभर टक्क्यांत येण्यापूर्वी नववीच्या चाळणीतून किती पोरे खाली सांडली, याचा फलक आम्ही आजवर कुठे पाहिलेला नाही. ज्या शाळेचा निकाल ब्याऐंशी टक्के लागतो, परंतु आठवीतले प्रत्येक मूल दहावीच्या बाकापर्यंत पोहोचते, ती शाळा आमच्या मते अधिक थोर. अशा शाळेच्या मुख्याध्यापकांना मात्र पालकसभेत आम्हीच पालक उभे करून जाब विचारतो. चाळणीची जाळी शाळेने विणली असेल, तिला दोरा आम्हीच पुरविला आहे.

सर्वच शाळा असे वागतात, असे आमचे म्हणणे नाही. सुट्टीतही कच्च्या मुलांना बोलावून शिकविणारे शिक्षक आणि सिस्टर आम्ही पाहिले आहेत. पण साठ मुलांच्या वर्गात नववीचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि त्याच वेळी एकाला पाचवीचे अपूर्णांक समजवायचे, हे कोणत्या शिक्षकाला जमेल? मनात असूनही जमणार नाही. म्हणून शाळेला दोष देऊन स्वस्थ बसणे आम्हांला पटेना. शाळेजवळ जी गोष्ट नव्हती, म्हणजे एका मुलासाठी मोकळा वेळ, ती आमच्याजवळ होती. निदान आम्ही ती काढू शकत होतो.

यावर सर्वात मोठा आक्षेप आला तो असा : "अहो, पोराचं वर्ष वाया जाईल!"

या आक्षेपाचा आम्हांला सर्वाधिक संताप येतो, कारण तो प्रामाणिक नाही. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले, की आपल्याच समाजातील सुस्थितीतली घरे मुलाला वर्षभर घरी बसवितात. त्याला 'ड्रॉप घेतला' असे म्हणतात आणि ते शब्द उच्चारताना कोणाचा आवाज खाली जात नाही. शिकवणीसाठी पैसे मोजले जातात, कोणी मुलाला कोट्याला धाडतात; एका वर्षाने भागले नाही तर दुसरे वर्ष देतात. आखातातील नोकरीचा व्हिसा येईपर्यंत तरुण पोरे वर्ष-वर्ष नाक्यावर उभी असतात. त्यांचे वर्ष वाया गेले, असे कोणी म्हणत नाही, व्हिसाची वाट पाहतोय म्हणतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने प्रतिष्ठेसाठी घेतलेले वर्ष ही गुंतवणूक, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने अपूर्णांक समजण्यासाठी घेतलेले वर्ष हा कलंक! हा कोणता न्याय? आमचे असे मत झाले आहे, की आपल्याला वर्षाची चिंता नसतेच. मावसभावाचा मुलगा पुढे जाईल आणि आपला मागे राहील, ही चिंता असते. ती आपली चिंता आहे. ती मुलाच्या दप्तरात भरून त्याला नववीत पाठवू नये.

दुसरा आक्षेप काही धार्मिक वृत्तीच्या मंडळींनी घेतला, म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे. मिशनऱ्यांनी एवढ्या कष्टाने आपल्यासाठी शाळा उभारल्या, त्या सोडून मुलाला घरी शिकविणे म्हणजे ख्रिस्तसभेच्या कार्याकडे पाठ फिरविणे, असे एका ज्येष्ठांनी आम्हांला सुनावले. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही त्या वेळी गप्प बसलो. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण याच्या उलट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जी घोषणा प्रसृत केली, तीत मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हणून आईवडिलांनाच मानले आहे. 1983 च्या धर्मविधिसंहितेतही मुलांना शिक्षण देणे हे आईवडिलांचे कर्तव्य आणि हक्क म्हटले असून, त्यांना त्यात साहाय्य करणाऱ्या साधनांमध्ये शाळेला मानाचे स्थान दिले आहे. साहाय्य करणारी ती शाळा. मूळ जबाबदारी कोणाची, याविषयी संदेहाला जागा नाही.

आणि आपले संत? धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी यांचा सण आपण दर ऑगस्टला साजरा करतो, वेदीवरून त्यांच्या पापनिवेदनकक्षाच्या कथा ऐकतो. त्यांचे शिक्षण कसे झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. 1786 मध्ये फ्रान्समधील लियॉन शहराजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपण राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले. शाळा अशी फार मिळालीच नाही, मेंढरे राखली. विशीच्या सुमारास ते एक्युली येथील धर्मगुरू फादर बाले यांच्याकडे शिकू लागले, तेव्हा लॅटिन व्याकरण त्यांच्या डोक्यात शिरेना. 1813 मध्ये ते लियॉनच्या सेमिनरीत गेले आणि काही महिन्यांतच, लॅटिन कच्चे म्हणून, त्यांना परत पाठविण्यात आले. आपल्या भाषेत सांगायचे तर चाळणीतून खाली पडले. फादर बाले यांनी त्यांना पुन्हा आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांना झेपेल त्या गतीने, झेपेल त्या भाषेत शिकविले. 13 ऑगस्ट 1815 रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फादर बाले यांनीही 'बाहेरून बसव' म्हणून हात झटकले असते, तर आर्स गावाला तो धर्मगुरू मिळाला नसता.

लिझ्यूच्या संत तेरेजाची गोष्ट तर आमच्या मुलाच्या गोष्टीला अधिकच जवळची. 1881 मध्ये ती बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागली. अभ्यासात ती हुशार होती, तरी शाळेत ती कधी रमली नाही. 1886 मध्ये, तेराव्या वर्षी, प्रकृती ढासळली म्हणून वडिलांनी तिला त्या शाळेतून काढले आणि एका बाईंकडे तिची खाजगी शिकवणी लावली. मठवासिनींची शाळा सोडविली, म्हणून त्या पित्याने ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली असे कोणी म्हणेल काय? त्याला आणि त्याच्या पत्नीला 2015 मध्ये संतपद मिळाले आणि मुलीला 1997 मध्ये ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविण्यात आले. आमचा मुलगा संत होईल असा आमचा दावा नाही. सध्या तो अंघोळ करायलाही दोनदा सांगावे लागते. शाळा सोडून घरी शिकणे ही ख्रिस्ती घराला न शोभणारी गोष्ट आहे, हा समज तेवढा दूर व्हावा.

आता घरच्या वर्षाविषयी. इथे आम्हांला आमच्या चुका आधी सांगितल्या पाहिजेत, कारण ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांना त्या उपयोगी पडतील.

पहिले तीन महिने आम्ही घराची शाळा केली. भिंतीवर वेळापत्रक लावले. आठ ते पावणेनऊ गणित, पावणेनऊ ते साडेनऊ विज्ञान. स्वयंपाकघरात फोडणी करपायची आणि ओटीवर मुलगा भागाकाराच्या पायऱ्या गिरवत बसलेला असायचा. आईचा आवाज चढायचा, मुलाचे डोळे भरायचे, संध्याकाळी बाप विरार लोकलचे धक्के खाऊन घरी परतला की त्याच्यापुढे दोघांची गाऱ्हाणी. सप्टेंबरपर्यंत आम्ही इतके थकलो, की सरळ हार मानून दाखला पुन्हा शाळेत द्यावा, असे दोनदा ठरले. शाळेत जे मुलाला चार वर्षांत साधले नव्हते ते आम्ही तेच करून, फक्त अधिक ओरडून, साधू पाहत होतो.

बदल घडला तो योगायोगाने. वाडीच्या कडेला नवीन कुंपण घालायचे होते. किती तार लागेल, हे काढायला आजोबांनी नातवाला बरोबर घेतले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, हे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. मुलाने दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, एक गुंठा आखला आणि त्याच्या मध्यभागी उभा राहून विचारले, "मग यात चौरस फूट किती?" त्याने मातीवर काडीने तेहतीस गुणिले तेहतीस केले. 1089 आले. वर्गमूळ हा भाग त्याने शाळेत शिकलेला होता, त्यावर त्याला गुणही मिळालेले होते. परंतु 1089 चे वर्गमूळ म्हणजे आपण ज्या चौकोनात उभे आहोत त्याची एक बाजू, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळले. त्या आठवड्यात त्याने सगळी वाडी मोजली. अर्धा गुंठा, पाव गुंठा, एकराचा चाळिसावा भाग. अपूर्णांक जमिनीवर आले आणि पायाखाली टिकून राहिले.

त्यानंतर वेळापत्रकाचा कागद आम्ही काढून टाकला. भाजीच्या विक्रीचा हिशेब त्याच्याकडे आला. शेकडा किती घट, किती दर, हे तो लिहू लागला. नफातोटा आणि शेकडेवारी दिवाळीपर्यंत झाली. बीजगणितातला पहिला 'क्ष' नाताळच्या आधी आला, आणि तो कंदिलाच्या कामट्यांचे माप काढताना आला. विज्ञान आम्ही मराठीतून वाचले, मग तेच इंग्रजीतून. रोज रात्री जपमाळेनंतर पाऊण तास मोठ्याने वाचन; एक दिवस तो वाचणार, एक दिवस आम्ही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. फेब्रुवारीत एकदा पाचन संस्थेवरचा परिच्छेद त्याने वाचला आणि न विचारता आजीला आमच्या बोलीत समजावून सांगितला. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो.

हे आम्ही शोधून काढलेले नवे काही नव्हे. आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली पोरांसाठी हेच केले. गुरे राखणारे पोर शाळेत येऊ शकत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. पोर जिथे गुरे चारते, तिथे शाळा गेली. मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल तेव्हा त्याच्यापर्यंत जाणे हा शिक्षणाचा अपमान आहे, असे त्या दोघींना कधी वाटले नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही घरी देऊ शकलो नाही आणि ती लपविणार नाही. सकाळी साडेसात वाजता आमच्या फाटकावरून गणवेशातली मुले जायची. त्यांच्यात त्याचे दोन जिवलग मित्र असायचे. तो फाटकाजवळ उभा राहायचा, मग पुढे पुढे उभा राहीनासा झाला. मैदान होते, वेदीसेवकांचा गट होता, धर्मशिक्षणाचा वर्ग होता, तरीही बाकावर शेजारी बसलेल्या मित्राशी गुपचूप हसण्याची जागा या कशानेच भरली नाही. घरी शिकविणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात, की मुलाला एकटेपणा वाटतच नाही. आमच्या मुलाला वाटला.

शहरांतून अलीकडे असाही एक वर्ग दिसतो, ज्याला शाळा हाच तुरुंग वाटतो. एकेकाळी धर्मगुरू असलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी 1971 मध्ये समाजच शाळामुक्त करण्याचा विचार मांडला, त्याचे दाखले ही मंडळी देतात. आम्ही त्यांच्यातले नाही. शाळा वाईट म्हणून आम्ही मुलाला घरी ठेवले नाही; शाळेत पुन्हा ताठ मानेने जाता यावे, म्हणून ठेवले. ज्यांना घरकामाला फुकटचा हात हवा, किंवा मुलीला लवकर घरात बसवायचे आहे, त्यांनीही आमचा दाखला देऊ नये. घरी ठेवले आणि शिकविले नाही, तर ते पाप आहे, आणि त्याला दुसरे नाव नाही.

याहून कठीण प्रश्न एका रिक्षाचालक मित्राने आम्हांला विचारला : "तुमच्याकडे वाडी आहे, आजोबा आहेत, वहिनी घरी आहेत. माझी बायको सकाळी सहाला कारखान्यात जाते. आमच्या पोरानं काय करायचं?" याचे उत्तर आमच्याकडे नाही, आणि एकट्या कुटुंबाकडे ते असूही शकत नाही. ते धर्मग्रामाकडे आहे. आपल्या प्रत्येक चर्चच्या आवारात सभागृह आहे. लग्ना-साखरपुड्याचे दिवस सोडले तर सकाळी ते कुलूपबंद असते. प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, शिक्षिका आहेत, ज्यांनी हजारो मुले घडविली आणि जे आता सकाळच्या मिस्सेनंतर वर्तमानपत्र वाचत बसतात. त्या खोलीचे कुलूप सकाळी आठला उघडले, आठवी झालेल्या परंतु नववीला न झेपणाऱ्या पाच-सहा मुलांना तिथे वर्षभर बसू दिले, तर चाळणीखाली सांडणारी पोरे ओंजळीत धरता येतील. पॅरिश कौन्सिलमध्ये आम्ही हा विषय मांडला. सभागृहाच्या वीजबिलाचे काय, या मुद्द्यावर चर्चा संपली. ती पुन्हा सुरू करावी, ही आमची जाहीर मागणी आहे, आणि वीजबिलातला आमचा वाटा आम्ही आजच कबूल करतो.

ज्यांना कायद्याची भीती वाटते त्यांच्यासाठी थोडे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि तो आठवीपर्यंतचे शिक्षण सांगतो. आठवी पूर्ण करून घेतल्याखेरीज मुलाला घरी ठेवू नये, हे आमचे ठाम मत आहे. दाखला आणि गुणपत्रक जपून ठेवावे. एका वर्षाने शाळेत परत जाणे शक्य न झाले, तर 1989 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिची दहावीची परीक्षा पाच विषयांची असते. एकदा नाव नोंदविले, की ती पाच वर्षांत, नऊ संधींत, एकेक दोन-दोन विषय घेऊन पूर्ण करता येते. सतरा नंबरच्या फॉर्मलाही आमचा विरोध नाही. अनेक कष्टकरी मुलांनी त्या फॉर्मवर आयुष्य उभे केले आहे. विरोध आहे तो नववीत नापासाचा शिक्का मारून मग हातात दिल्या जाणाऱ्या फॉर्मला. निवडलेली वाट आणि ढकलून दिलेली वाट कागदावर सारखी दिसेल, मुलाला ती सारखी वाटत नाही.

जून 2025 मध्ये आमचा धाकटा नववीत गेला. जुन्या शाळेत गेला नाही. थोड्या दूरच्या, शंभर टक्क्यांचा फलक न लावणाऱ्या एका शाळेने त्याला घेतले. वर्गात तो एक वर्षाने मोठा आहे. पहिल्या आठवड्यात कोणी तरी 'काका' म्हणाले, मग फुटबॉलच्या संघात निवड झाली आणि ते विसरले गेले. पहिल्या घटक चाचणीत बीजगणितात वीसपैकी अकरा मिळाले, विज्ञानात बारा. इतिहासात सहा, म्हणजे नापास. इतिहास आम्ही घरी जवळजवळ शिकविलाच नव्हता.

हा लेख पाठविण्यापूर्वी आम्ही त्याला वाचून दाखविला. फाटकाचा परिच्छेद आला तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला. तो गाळू का, असे विचारल्यावर म्हणाला, राहू दे. मग आम्ही विचारले, पुन्हा तशी वेळ आली तर आणखी एक वर्ष घरी शिकशील का? त्याचे उत्तर त्याच्याच परवानगीने छापायला देत आहोत : "नको. एकदा बरं होतं. आई शाळेतल्या बाईंपेक्षा जास्त ओरडते."